चालू जॉब

सोमवार, ४ मार्च
नव्या नोकरीचा पहिला दिवस छान गेला! गोदाम कंपनीची सर्व्हर रूम. कपाटाएवढं काळं मशीन आणि गारवा इतका, की उन्हाळ्यात स्वेटर. निवृत्तीला आलेल्या ऑपरेटरकाकांनी काम शिकवलं: स्क्रीनवर चालू जॉबची, म्हणजे मशीनवर चाललेल्या कामांची, यादी बघायची, अडकलेला शोधायचा, बंद करायचा. तत्काळ नको, सावकाश बंद कर पोरी, त्यालाही आवरायला वेळ लागतो, म्हणाले. घरी लेकीने विचारलं, मशीन चावतं का? हसून हसून पुरेवाट झाली.

बुधवार, ६ मार्च
आज मशीन रडतखडत चाललं होतं. गाड्या दारात उभ्या, पावत्या निघेनात. यादीत एकच जॉब सगळी ताकद खात होता. नाव काकूंचं, म्हणजे काकांच्या बायकोचं. काकांनी हौसेने दिलं असेल, असं वाटलं. ते जेवायला गेलेले, साहेब डोक्यावर बसलेले. तत्काळ बंद केला. मशीन पळायला लागलं.
दुपारी काकू काकांचा घरी विसरलेला चष्मा घेऊन आल्या. काकांनी उठून खुर्ची दिली आणि अदबीने विचारलं, आपण कोण? काकूंना थट्टाच वाटली. मग त्यांनी काकांचा हात धरला. काकांनी अवघडून तो सोडवून घेतला.

गुरुवार, ७ मार्च
डॉक्टरांना काकांमध्ये काहीच दोष सापडत नाही. बाकी सगळं आठवतं. फक्त काकू नाहीत. मी तो जॉब पुन्हा सुरू करायला गेले, तर मागे काही उरलेलंच नाही. काकूंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं, ह्यांना दुखलं नाही ना गं?

शुक्रवार, ८ मार्च
यादीत माझ्या लेकीचं नाव. घरातलं, लाडाचं. ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही. मशीन पुन्हा मंद. साहेबांपुढे हात जोडले, एवढा राहू द्या. बाई, उद्या सुट्टी घ्या, म्हणाले. मी बघतो —

शनिवार, ९ मार्च
लेकीला शाळेत पाठवलं नाही. मांडीवर घेऊन बसलेय. साहेबांचा फोन. खुशीत होते. मशीन कसं पळतंय म्हणाले —

मांडीवर कुणाची तरी पोर आहे. मला आई म्हणतेय. रडतेय —

वर माझ्याच अक्षरात ‘लेक’ लिहिलंय. म्हणजे ही — पोटाशी धरलंय. नाव विचारलं. तुला माहितीये की, म्हणते. आई, तूच सांग ना, म्हणते.
माझ्या लेकीचं नाव —