चाळीसगावला चुकलेली गाडी

आबा, उद्या आम्ही धुळे-जळगाव थेट गाडी मागतोय, आणि तीही तुमच्या मरणाच्या जोरावर. निवेदनाची सुरुवातच तशी आहे: थेट गाडी नसल्याने धुळ्याला दिलेल्या लेकीला जळगावात वडिलांचं शेवटचं दर्शन झालं नाही. प्रवासी संघटनेतल्या लोकांचे डोळे भरून आले. रेल्वेच्या साहेबांपुढे ते मीच वाचायचंय.

आईचा तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. मी दहा वर्षांची. धुळ्याहून मामाचा निरोप आला, आजीचं काही खरं नाही. आई ओल्या हातांनीच दारात आली. "एस्टीवर जाऊत ना, मनी माय वाट दखी ऱ्हायनी," एवढंच म्हणाली. स्टँड घराजवळ, अडीच तासांत धुळं. पण तुम्ही पडलात रेल्वेचे! रेल्वेवाल्याच्या बायकोनं एस्टीचं तिकीट काढलं तर तुमचं नाक कापलं जाणार होतं. तुम्ही ऑफिसात पास काढायला गेलात. तिकडे बाई शेवटचे श्वास मोजतेय आणि इकडे हा माणूस पासावर सही घेतोय! चाळीसगावला गाडी बदलायला उतरतो तर धुळ्याची गाडी डोळ्यांदेखत सुटली. आई पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसली, आणि तुम्ही केळं सोलत म्हणालात, "गाडी चुकली तर त्यात कुणाचा दोष नसतो." आम्ही पोचलो तेव्हा मामा स्मशानातून परत येऊन अंगणात बसला होता. आईनं तुम्हाला कधी जाब विचारला नाही. तो मी विचारायचा, हे मी त्याच अंगणात ठरवलं.

संधी यायला बरीच वर्षं लागली. आई गेली, मग तुम्ही अंथरूण धरलंत. धाकट्याचा फोन आला, "अक्का, लवकर निघ, आबा सारखं तुझंच नाव घेतायत." रिक्षावाल्यानं विचारलं, स्टँड ना? मी म्हटलं, नाही, स्टेशन. चाळीसगावला उतरले आणि त्याच बाकड्यावर जाऊन बसले. जळगावकडची गाडी वेळेवर आली, आबा. डब्यात जागाही होती. मी चहा घेतला. गाडी गेली. इतका गोड चहा मी जन्मात प्यायले नाही. धाकट्यानं रडत कळवलं की तुम्ही गेलात, तेव्हा मी म्हटलं, "गाडी चुकली रे. त्यात कुणाचा दोष नसतो."

उद्या हे निवेदन मी खणखणीत आवाजात वाचणार. खोटं आहे, आणि एक अक्षरही खोडणार नाही. तुम्ही आयुष्यभर रेल्वेची बाजू घेतलीत, आता रेल्वेच्याच साहेबापुढे तुमच्या नावानं रेल्वेला बोल लावते. एवढं तरी वसूल होऊ दे आईचं.

फक्त एक गोष्ट निवेदनात नाही, आणि हा कागदही मी कुणाला दाखवणार नाही. चहा संपताच मी पेला बाकड्यावरच टाकून उठले. तिकिटाच्या खिडकीवर धावत गेले, जळगावची पुढची गाडी विचारली. दोन तासांनी, आतला बाबू म्हणाला. स्टँड जवळच होता, एस्टी मिळाली असती. पण मी पडले तुमचीच लेक, आबा. परत बाकड्यावर जाऊन गाडीचीच वाट बघत बसले. धाकट्याचा फोन तिथेच आला.