घरचा मासा

६ ऑक्टोबर

आले बाई एकदाची! नागोयाहून निघताना ताई म्हणत होती, शोभेच्या माशांची चाकरी करायला त्या डोंगरात कशाला मरायला जातेस? म्हटलं, माशांना सासू नसते, तेवढंच सुख. मालक होशिना-सान स्वतः स्टेशनवर घ्यायला आले होते. साठीचे, बुटके, आणि माशांशिवाय दुसरा विषय नाही. त्यांच्या बायकोने, तोमे-सानने, भाताची तिसरी वाटी पुढे सरकवली आणि म्हणाली, इतकी काटकुळी राहिलीस तर बर्फ पडल्यावर शोधायची कुठे तुला? हसून हसून ठसका लागला.

हिवाळाभर काम, जमलं तर कायमचं. आणि चिनात्सुला इथेच आण, असं त्यांनीच आपणहून सांगितलं. आठ वर्षांची पोर मावशीकडे किती दिवस ठेवायची? फोनवर कळवलं तर अशी किंचाळली की माझा कान बधिर झाला.

११ ऑक्टोबर

बर्फाआधी उतारावरची तळी रिकामी करून मासे खाली आणतात. चार दिवस चिखलात लोळतेय, कंबरेचे तीनतेरा वाजलेत, पण मजा आहे. घरामागचं मोठं तळं म्हणजे आयांचं तळं. अंडी घालणाऱ्या जुन्या माद्या तिथे असतात, होशिना-सानच्या आजोबांपासूनचा वंश. टाळी वाजवली की सगळ्या काठाशी गोळा होतात.

आज तीन नव्या माद्या आल्या. डोंगरापलीकडच्या एका म्हाताऱ्याने धंदा बंद केला, त्याच्याकडच्या. काळ्याभोर, अंगावर एक डाग नाही. पण नवीन आलेलं लगेच तळ्यात सोडायचं नाही, हा इथला कडक नियम. कडेच्या शेडमध्ये वेगळी टाकी आहे, त्यातलं पाणी कोमट ठेवतात, कारण दडलेला रोग उबेत वर येतो. आणि सोबत एक घरचा मासा सोडतात. तो धडधाकट राहिला तर पाहुणे निर्दोष.

गोन्बेची निवड झाली. म्हातारा नर, नक्षी बिघडलेली, विकला जाणार नाही, पण मालकांच्या बोटातून खातो. मी म्हटलं, बिचारा! तर होशिना-सान म्हणाले, बिचारा कसला, तीन बायकांत एकटा गडी आहे!

शेडमध्ये एकाच माणसाने जायचं, म्हणजे मी. बूट वेगळे, जाळं वेगळं, झोपायची खोली शेडला लागून. जेवणसुद्धा दारात ठेवतात. तोमे-सान बाहेरून ओरडली, मासे नवे, बाई नवी, ठेवा दोघांना वेगळं!

१६ ऑक्टोबर

सगळे नीट खाताहेत. पाण्याची ऊब बघायला हात घातला की नव्या येऊन बोटं चोखतात. दात नाहीत, नुसत्या गुदगुल्या होतात. चिनात्सुला सांगितलं तर तिला आत्ताच्या आत्ता यायचंय. गोन्बेला मात्र त्यांनी कोपऱ्यात घेतलंय. तिघींची डोकी दिवसभर त्याच्या डोक्याला टेकलेली. प्रेम म्हणावं की काय, देव जाणे.

२१ ऑक्टोबर

होशिना-सान बूट औषधात बुडवून आत आले. टाळी वाजवली. गोन्बे वळला नाही. परत वाजवली, बोटं पाण्यात धरली. त्याने जवळ येऊन बघितलं आणि पाठ फिरवली. अगदी अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मालकांचा चेहरा पडला. मग म्हणाले, रुसलाय लेकाचा. कल्ले तपासले, लालबुंद. अंगावर फोड नाही. खातोय ना? मग झालं, म्हणाले.

मला ते झालं वाटत नाही. बारा वर्षं ज्याच्या हातचं खाल्लं, त्याला कोणी असं विसरतं का?

२४ ऑक्टोबर

सकाळी तोमे-सानचं नाव आठवेना. हसले. संध्याकाळी ताईचं आठवेना. हसू आलं नाही.

२७ ऑक्टोबर

फोन वाजला. कोणी मुलगी आई आई करत होती. राँग नंबर म्हणून ठेवून दिला.

मग आठवलं. चिनात्सु. माझी चिनात्सु! परत फोन लावला, दोघी रडलो. कशी विसरले मी? माझ्या पोटची पोर—

पाण्यातच काहीतरी आहे. गोन्बे आजारी नाही, तो विसरलाय. दारातून तोमे-सानला विनवलं, पोरीला आणू नका. ती म्हणाली, माणसाचं तोंड न बघता तुझं डोकं फिरलंय. लेक आली की ठीक होशील, तिकीटही काढलंय. मालक म्हणतात, फोड नाही, जखम नाही, कशाच्या नावाने नाकारू त्या माद्यांना? दोन तारखेला आयांच्या तळ्यात सोडणार.

२९ ऑक्टोबर

टाकीपाशी जायचं नाही ठरवलं. गेले असावे. बाही कोपरापर्यंत ओली—

पळून जावं तर कुठे— घर कोणत्या गावाला—

चिनात्सु. आठ वर्षं. माझी आहे. चिनात्सु. चिनात्सु. भीती वाटते. देवा, एवढं एक नाव राहू दे. चिना

१ नोव्हेंबर

आज बरं वाटतंय. डोकं हलकं.

एक बाई एका मुलीला घेऊन आली. जा जा, भेट तिला, म्हणाली, आणि हसत भात टाकायला घरात गेली. मुलगी तशीच आत धावली, बूट न बुडवता! माझ्या कमरेला मिठी मारली. आई म्हणते मला. कोणाची आहे कोण जाणे.

नीट समजावलं, नवीन आलेलं लगेच घरात घेत नाहीत, बाळ. पाणी कोमट आहे— घाबरली. टाकीचा काठ घट्ट धरून बसली. एकेक बोट सोडवावं लागलं—

आता शांत आहे. पाणी छातीपर्यंत. चौघांची डोकी तिच्या— रडणं थांबलं. आई म्हणणंही—

आत्ता माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही कोण?

मी म्हटलं, मी—