गाळाचा भार

३ ऑक्टोबर १९५३
एकवीस तारखेला ह्यांना जाऊन तीन वर्षं होतील. धाकटे दीर गुरुदत्तभावजी ओटीवरून सांगून गेले, श्राद्ध त्यांच्या घरी, आणि पाणीही त्यांच्याच विहिरीचं घेणार. आमचं गढूळ आहे, दादाला काय गाळ पाजायचा, म्हणे. आमची विहीर ह्यांनी स्वतः खणली. तेव्हा भावजी काठावर बसून केळी खात होते. त्यांची बायको लीला म्हणाली, जाऊबाई, तुरटी फिरवा की. तुरटीचं पाणी पितरांना चालत नाही. कुठे लिहिलंय ते सापडलं की तिला दाखवीन.

५ ऑक्टोबर
वाण्याने हळद बांधली त्या कागदावर कुठल्याशा मासिकातला विज्ञानाचा लेख! वाहत्या पाण्याच्या दोन बाजूंना विजेच्या पट्ट्या लावल्या की ऋण भाराचे बारीक कण धन पट्टीकडे ओढले जातात. मधलं पाणी निवळ. पुढचं पान लीलाकडे जिऱ्याबरोबर गेलेलं. मागितलं. त्यावर चूल पेटवली म्हणाली. मुद्दाम.

६ ऑक्टोबर
आपल्या गाळाला भार कोणता? घागरभर पाणी फडक्यातून गाळलं, फडकं वाळवून तागडीत टाकलं. काटा हलला नाही. म्हणजे धन नाही, ऋणच. मोठ्या शाळेची पायरी न चढता इथवर आले.

९ ऑक्टोबर
माणिकपूरला गेले. तिथे फ्रान्सिस लॉऱ्या दुरुस्त करतो. बॅटरी मागितली. "काकी, लॉरी कुठे हाय?" म्हटलं, विहिरीला लावायची आहे. त्याने सगळ्या गॅरेजला हाका मारून ऐकवलं. जुनी दिली. पुन्हा त्याचं तोंड पाहणार नाही.

११ ऑक्टोबर
रहाटाखाली पोफळीची पन्हळ बसवली. पट्ट्या तांब्याच्या हव्यात. ह्यांचं आंघोळीचं घंगाळ तांबटाकडे नेऊन कापून आणलं. तो कापत होता तोवर मी बाहेर उभी राहिले.

१२ ऑक्टोबर
फ्रान्सिसकडे जावं लागलं. धन तार लाल की काळी? तोंड पाहिलं नाही. तारेकडेच पाहिलं.

१४ ऑक्टोबर, सकाळी
वीज सुरू. पाणी गढूळ. रहाटाचा बैल फार जोरात चालतो. दोष बैलाचा.

१५ ऑक्टोबर
बैल हळू चालवला. गढूळ. भावजी कुंपणावरून विचारतात, "वहिनी, विहिरीत दिवा कधी लागणार?" बोलले नाही. आता पुढच्या दिवाळीपर्यंत बोलणार नाही. पण एका पट्टीला हिरवं काहीतरी धरलंय. हाच गाळ! सापडला चोर.

१८ ऑक्टोबर
पाणी थेंब थेंब सोडलं. एक लोटा भरायला सकाळ गेली. रंग हिरवट निळा. गढूळ म्हणजे मातीचा रंग, आणि हा काही मातीचा रंग नव्हे. यश. केळीच्या बुंध्याशी फुटलेल्या एका कोवळ्या मुनव्याला थोडं घातलं. संध्याकाळी तो मान टाकून पडला. आधीपासूनच आजारी दिसत होता.

१९ ऑक्टोबर
भावजींना सांगितलं, पाणी मीच आणणार. (बोलले, नाइलाज होता.) ते म्हणाले, आणा, भटजी बघतील.

२१ ऑक्टोबर, सकाळी
लोटा भावजींच्या माजघरात नेऊन ठेवला. पानाने झाकला. लीलाला बजावलं, हात लावू नकोस.

दुपारी
जिंकले. पाणी काचेसारखं! हिरवेपणासुद्धा गेला. झाकून ठेवलं की निवळतं, हे मासिकवाल्यांना कळवायला हवं. भटजींनी पाण्याकडे नीट पाहिलंही नाही. मूठभर काळे तीळ टाकले त्यात. पंधरा दिवस मी त्यातले कण काढत होते. असो. भावजींच्या बोटांवरून पाणी पडत होतं ते पाहिलं. ह्यांच्या विहिरीचं.

साडेतीन
लीला भांडी घासता घासता बोलून गेली. माझा लोटा तिने सकाळीच मोरीत ओतला. मोठ्या भावजींच्या श्राद्धाला असलं हिरवं पाणी कसं द्यायचं, जाऊबाई? मग त्यांच्या विहिरीवर लोटा भरून परत झाकून ठेवला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तेव्हा बोलले नाही, म्हणाली.
 
ताटात उरलेले तीळ पदराला बांधून घरी आणले. विहिरीवर जाऊन ओंजळीत पाणी घेतलं. त्यात तीळ टाकले आणि ह्यांच्या नावाने परत विहिरीत सोडलं. बायकांनी हे करायचं नसतं.
पाणी इतकं गढूळ होतं की तीळ दिसले नाहीत.