माझा तक्ता आणि तळटीपबाईंचा तेरावा महिना

२ सप्टेंबर
आजपासून रोज लिहिणार. ही वही कुणाला दाखवायची नाही. मोठी माणसं अशीच लिहितात.
आजोबा डिसेंबरात निवृत्त होतायत. आजोबा म्हणजे आमच्या ज्यू इतिहास आणि संस्कृती विभागाचे प्रमुख. स्वतः ज्यू, आचरणाने कडक. ते ज्याची शिफारस करतील, खुर्ची त्याची. उमेदवार दोन. मी आणि तळटीपबाई. या बाईंना 'आज हवा छान आहे' म्हटलं तरी संदर्भ विचारतात.
खुर्ची माझीच. तरी गाफील राहायचं नाही. संकल्प: भव्य परिषद. विषय: 'ज्यू परंपरेतली क्षमा'.

५ सप्टेंबर
विभागाच्या भिंतीवर यंदाच्या ज्यू सणांचा तक्ता लावला. एका बैठकीत केला. महिने चंद्रावर चालतात, म्हणून गेल्या वर्षीचे सण अकरा दिवस मागे ओढले. झालं.
तळटीपबाईंनी चष्मा पुसून विचारलं, यंदा तेरावा महिना होता, तो धरलात ना? ऋतूंशी मेळ राहावा म्हणून काही वर्षी एक महिना जादा घालतात, हे मला सांगतायत! अठरा वर्षं शिकवतोय मी. म्हणालो, सगळं धरलंय.
घरी जाऊन बघायला हवं.

१२ सप्टेंबर
बघायचं राहिलं. मेव्हणा आला होता.
आज तक्त्यानुसार योम किप्पूर. वर्षातला सर्वांत मोठा दिवस. काम नाही, प्रवास नाही, पाण्याचा थेंब नाही. त्याआधी दुखावलेल्यांची माफी मागायची. मीही सहानुभूती म्हणून उपास धरला. साडेदहाला सोडला. पित्त होतं.
कँटीनमध्ये बघतो तर आजोबा बिस्किट बुडवून चहा पितायत! आजच्या दिवशी! पाहून न पाहिल्यासारखं केलं. मोठ्यांची झाकली मूठ आपण कशाला उघडायची?

१५ सप्टेंबर
परिषद बुधवारी, १२ ऑक्टोबरला. शनिवार मुद्दाम टाळला, त्या दिवशी धार्मिक ज्यू काम करत नाहीत. विद्वान ओळखावा तो अशा बारकाव्यांवरून. डीन उद्घाटन करणार. अध्यक्षस्थानी आजोबा. जेवण चाळीस जणांचं, गोड पदार्थ तीन.
आजोबा म्हणाले, तारीख पुन्हा एकदा बघा. बघितली. बुधवारच आहे.

२२ सप्टेंबर
विभागाचे ग्रंथपालकाका, तेही आजोबांसारखेच ज्यू, परिषदेला येणार नाहीत. म्हणाले, त्या दिवशी मी पाणीसुद्धा पिणार नाही. एवढा जळफळाट! माझ्या परिषदेसाठी माणूस अन्नपाणी सोडतो.
तळटीपबाईंनी दाराखालून चिठ्ठी सरकवली. वाचली नाही. टेबलाचा पाय डुगडुगत होता, त्याखाली घातली.
दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. एक तर कामाचा डोंगर, त्यात ही बाई.

३० सप्टेंबर
आजोबा आणि काका दोघांनी मला नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या. ज्यू नववर्ष होऊन महिना झाला! एवढे विद्वान, पण वय झालं की असं होतं. मी प्रेमाने 'तुम्हालाही' म्हणालो.

४ ऑक्टोबर
दोघंही काल-आज रजेवर. एकदम! माझ्याविरुद्ध खलबतं चालली असणार.

११ ऑक्टोबर
विजय! दुपारी आजोबांचा फोन. म्हणाले, वर्षभरात माझ्याकडून तुमचं मन दुखावलं असेल तर मला माफ करा. आवाज अगदी हळवा. पाठोपाठ काका, तेच शब्द. शेवटी आले वठणीवर. मी मोठ्या मनाने म्हणालो, चला, केलं माफ. काकांना म्हणालो, पण पुन्हा असं होता कामा नये.
बायको म्हणाली, अहो, तुम्हीच वर्गात शिकवता ना, की त्या दिवसाआधी लोक असे फोन करतात म्हणून? म्हटलं, शिकवणं वेगळं, राजकारण वेगळं.

१२ ऑक्टोबर
हॉलमध्ये डीन, बायको, मेव्हणा, केटरर. आणि शेवटच्या रांगेत तळटीपबाई. विभागाचं कुणीतरी असावं म्हणून आल्या म्हणे.
भाषण सुरू केलं. रंगलंही. म्हणालो, क्षमेचा दिवस म्हणजे योम किप्पूर, तो दर वर्षी सरकतो. आणि ज्या वर्षी तेरावा महिना येतो, त्या वर्षी तो चांगला महिनाभर पुढे
इथे थांबलो. मनात आकडेमोड केली. पुन्हा केली.
डीननी विचारलं, मग यंदा कधी आला तो? मी पाणी प्यायलो. तळटीपबाईंकडे बघितलं. त्यांनी पहिल्यांदाच संदर्भ दिला नाही. तेच जास्त लागलं.
जेवणाला पाच जण. मेव्हण्याने तीनही गोड पदार्थ दोनदा घेतले. मी ताट तसंच परत केलं, म्हणजे उपास घडला तो असा.

१४ ऑक्टोबर
आजोबांकडे गेलो. माफी मागितली. खरंच लाज वाटत होती. ते हसले. म्हणाले, त्या दिवशी फोनवर तुम्ही मला इतक्या लगेच माफ केलंत, मी कसा मागे राहू?
मग म्हणाले, शिफारस मात्र बाईंची केलीय.
फार वाईट वाटलं. जिन्यात थोडा वेळ बसलो.
पुढच्या वर्षीचा तक्ता तळटीपबाई करणार. मला बोलावून म्हणाल्या, तुमचा अनुभव दांडगा आहे, भिंतीवर लावायचं काम तुमच्याकडे. तारखांना हात लावायचा नाही.
खिळा कुठे ठोकायचा, हा निर्णय मात्र पूर्णपणे माझा. शब्दच घेतलाय तसा.