गावच्या तांदळाचं पोतं

प्रिय शकुन,

तू याच शहरात, गार्डन रीचला अश्विनीकडे जाऊन तीन महिने झाले. शेजारच्या बौदी, म्हणजे त्या बंगाली वहिनी, विचारतात, तेव्हा मी सांगतो, लेकीकडे विश्रांतीला गेलीय.

तीस वर्षं कोलकात्यात राहून मी तांदूळ मात्र आपल्या शेतातलाच मागवला. शाळेत पाठ केलेल्या मातीच्या कविता मला त्या भाताच्या वाफेत ऐकू यायच्या. तुला धाप लागायला लागली, तेव्हा डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट पाहून म्हणाले, "सेलेनियम हे खनिज फारच कमी आहे, ते कमी पडलं की हृदय कमजोर होतं. तुम्ही फक्त गावचा तांदूळ खाता; तिथल्या मातीतच ते नसेल, तर दाण्यात कुठून येणार? यांना मासे, अंडी द्या."

मी त्यांच्यावरच ओरडलो, "माझ्या मातीला नावं ठेवता?"

मासा खाणं म्हणजे आपल्या मातीला खोटं ठरवणं, असं मला वाटलं. मग बौदींनी दिलेला मासा खाताना तू मला दिसलीस. मी ताट भिंतीवर आपटलं. तुझा जबडा दाबून तोंडात बोटं घातली आणि घास ओरबाडून काढला. काट्याने तुझी हिरडी फाटली. रक्त पुसत तू म्हणालीस, "अहो, कविता तुमच्या होत्या. जीव माझा जात होता."

काल गावाहून नवं पोतं आलं. मी ते सुरीने भोसकत राहिलो, हात दुखेपर्यंत.

अश्विनी फोनवर म्हणाली, "आई आता न थांबता दोन जिने चढते. बाबा, तुम्ही येऊ नका."

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस, तर माझ्या जेवणाच्या काळजीने परत येशील.

तुझा अपराधी,
विनायक