पत्र्यावरची काजळी

तीर्थरूप आप्पांना गीताचा नमस्कार.

हे पत्र टाकणार न्हाई. वाचून तुमच्या जिवाला लागंल.

तुमी माझ्यासाठी हे घर बघाय आलतात, तवा पडवीच्या पत्र्यावर बोट फिरवलं होतं. बोट काळं झालं अन् तुमी सोयरीक पक्की केली. त्या दुष्काळात सगळेच बाप असंच बघायचे. काजळी पडती म्हंजी साखर कारखाना चालू हाय, ऊस हाय, पाणी हाय.

पाणी मिळालं, आप्पा. पण बत्तीस वर्षं तीच काजळी धुण्यावर, पिठावर अन् छातीत. बीडच्या डॉक्टरनं विचारलं, "मावशी, बिडी ओढता का?" मी म्हणलं, "न्हाई, धुराड्याखाली ऱ्हाते." आता दोन टाइम तोंडात पंप मारते. हापशावरून घरी येताना तीनदा बसते.

काल तुमच्या नातवासाठी, बद्रीनाथसाठी, तलवाड्याचे पाव्हणे घर बघाय आले. पोरीच्या बापानं पत्र्यावर बोट फिरवलं अन् तुमच्यासारखाच हसला. सांगावं असं लई वाटलं. पण बद्री तिशीला आलाय, अन् तिकडं टँकर आठवड्याला येतो म्हणे.

ते जीपमधी बसेपर्यंत मी खोकला दाबून धरला.

तुमचीच लेक,
गीता