आमचं कुरण बघून घ्या

४ एप्रिल, सकाळी ६
आजपासून रोज लिहायचं. सगळ्यांची कुरणं पिवळी, आमचं हिरवंगार. बी मी स्वतः शोधलं, स्वतः पेरलं. मेव्हणा ओंजळभर मागत होता. दिलं नाही. त्याच्या गायी खाऊ देत वाळका चारा.
संकल्प: यंदा बाराच्या बारा गायी गाभण. वासरू नाही तर दूध नाही, आणि दूध नाही तर मला विचारतो कोण?

२९ एप्रिल
नऊ गायी पुन्हा माजावर. म्हणजे नऊ फुकट गेल्या. दोष वळूचा. दिवसभर तळ्यात उभा असतो.
गायीही तळ्यातच असतात. पण त्यांची गोष्ट वेगळी.

९ मे
दूध निम्म्यावर. ही म्हणाली, त्या गवतातच काहीतरी आहे. मी विचारलं, शेतकी कॉलेजात तू होतीस का? ती म्हणाली, तुम्ही तरी कुठे होतात? हा मुद्दा नव्हता.
जेवण गार मिळालं.

१० मे
आमच्या लंगडी गायीने लाथ मारली. एक पाय अधू, तरी नेम अचूक. शिक्षा: कुरण बंद. गोठ्यात बांधून सुका चारा. भोग आपल्या कर्माची फळं.

२ जून
भर उन्हाळा, तरी गायींचे थंडीतले केस गळलेले नाहीत. काय तब्येत! फोटो काढून जनावरांच्या डॉक्टरांना पाठवला. उद्या येतो म्हणाले. कौतुक समोरासमोर करायचं असणार.

३ जून
डॉक्टर वळूकडे ढुंकूनही बघेनात. गवत उपटून पिशवीत भरलं, लॅबला पाठवतो म्हणाले. तोवर गायी यावर सोडू नका, हेही म्हणाले. मी विचारलं, बी हवंय का? नको म्हणाले, जरा जोरातच.
गायी सोडल्या. एवढं गवत काय डोळ्यांनी खायचं?

५ जून
वळू मेव्हण्याला देऊन टाकला. फुकट. गोठ्यात बांधलेली लंगडी माजावर होती, जाता जाता तेवढी भरवून घेतली. बिनकामाचं जनावर त्याच्या गळ्यात बांधलं! दिवसभर हसू येत होतं.

१८ जून
बाकी अकराही गायी माजावर, त्यांना आता कृत्रिम रेतनाचं इंजेक्शन. इम्पोर्टेड वळूचा माल. आता बघाच.

१२ जुलै
सगळ्या परत माजावर. इम्पोर्टेडही तसलाच निघाला. हल्ली कशाचाच भरवसा नाही. प्रचंड चीड आली. बादलीला लाथ मारली. अंगठा सुजला.

१० ऑगस्ट
तपासणी. अकरा रिकाम्या. एक गाभण: लंगडी. शिस्तीचा परिणाम! हिला तसं सांगितलं. तिने लंगडीपुढे सुक्या चाऱ्याची आणखी एक पेंढी टाकली.

१४ ऑगस्ट
लॅबचा रिपोर्ट. डॉक्टरांनी दोनदा समजावला. म्हणे गवताच्या आत बुरशी आहे, डोळ्यांना दिसत नाही. तिच्यामुळेच ते उन्हात हिरवं राहतं. तिचंच विष गायींच्या पोटात जातं. दुधाचा हार्मोन कमी पडतो, गर्भ धरून ठेवणारा हार्मोन कमी पडतो, केस गळत नाहीत, अंगाची लाही होते म्हणून तळं गाठतात.
रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा असेल.

१५ ऑगस्ट
रिपोर्टवर माझंच नाव आहे. चष्मा लावून पाहिलं.

१७ ऑगस्ट
हिच्या भावाचा फोन. माझ्या बिनकामाच्या वळूपासून त्याच्या सातही गायी गाभण. दोन महिने सुक्या चाऱ्यावर वळू खडखडीत झाला, म्हणाला. मी म्हटलं, रेंज नाहीये.

२० ऑगस्ट, संध्याकाळ
वळू परत मागायला गेलो. हिनेच पाठवलं. मेव्हणा म्हणाला, तो तिकडे आला तर पुन्हा तेच खाणार. त्यापेक्षा गायीच इकडे आणा.
अकरा गायी पोचवल्या. त्यांच्याबरोबर हीसुद्धा तिकडेच राहिली. लंगडीला हिरवी काडी जरी दाखवलीत तर बघा, असं बजावून. इतके महिने मिरवलेल्या कुरणात आता एकटा उभा आहे. एक काडीसुद्धा वाळलेली नाही.
निघताना मेव्हण्याने हात धरला. दाजी, म्हणाला, बी दिलं नाहीत, फार उपकार झाले.
थट्टा नव्हती. त्याचे डोळे भरून आले होते.